रेघ फक्त पुस्तकालाच

सर, काल तुमची मुलगी रिसोडच्या माझ्या टायपिंग-छपाईच्या दुकानात आली होती. तुमच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणते. "दादा, तुमीच करा. बाबांचं अक्षर तुमच्याशिवाय कोणाले लागते?" मी हो म्हणालो आणि ती गेल्यावर आधी शेवटची पानं उघडली. संदर्भसूची. बाकीचं वाचायची मला गरज नाही. दुसरं प्रकरण तर अर्धंअधिक माझंच आहे.

सूची लावायला तुम्हीच शिकवलं, हे नाकारत नाही. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे येतं ते तुमच्या हस्तलिखितांवरून आणि माझ्या हट्टानं. पुस्तकाच्या नावाखाली तुम्ही स्टीलची पट्टी ठेवून रेघ मारायचात, ते नाव मी तिरप्या अक्षरात घ्यायचं. लेख, टिपणं, हस्तलिखितं सरळ अक्षरात, एकेरी अवतरणचिन्हांत. तिरप्या नावानंतरचा स्वल्पविराम मात्र सरळच. एकदा तो तिरपा राहिला तर अख्खं पान परत केलंत. पुढं कधीतरी ती पट्टीच मला देऊन टाकलीत. "ठेव. तुह्याइतकं बारीक कोणी पाह्यत नाही." हे वाक्य मला अजून सोडत नाही, हीच अडचण आहे.

मग पहिल्या आवृत्तीच्या हस्तलिखितातलं ते पान येतं. अवजारांच्या वऱ्हाडी शब्दांचं माझं पुस्तक, कामरगावपासून अनसिंगपर्यंत सुतारांच्या, शेतकऱ्यांच्या ओट्यांवर बसून जमवलेलं, सूचीत आहे. पण त्याच्याखाली रेघ नाही. अवतरणचिन्हं आहेत. मला वाटतं, विसरलात.

"सर, इथं रेघ राह्यली."

"राह्यली नाही. मारली नाही."

"काहून? पुस्तक होय ना ते?"

"प्रकाशक कोण? तूच. छापलं कोणं? तूच. लग्नाच्या पत्रिकाही छापतं तू. त्यायच्याखालीबी रेघ मारू काय?"

बाजूला बसलेले तुमचे दोन विद्यार्थी हसले. मीही हसलो. आणि माझ्याच पुस्तकाचं नाव माझ्याच बोटांनी अवतरणात टाकलं, स्वल्पविरामासकट बिनचूक. ज्याला पुस्तक म्हणवलं नाही, त्यातले शब्द मात्र तुम्ही पानोपानी वापरलेत.

आता तुम्ही नाही. नाव निवडायचं, एक बटण दाबायचं, झालं तिरपं. तुमच्या मुलीला कळणारही नाही. तरी मी ते केलेलं नाही. मला ती रेघ तुमच्या हातची हवी होती. माझ्या हातची तर मी तेव्हाही मारू शकलो असतो. सूची तुम्ही ठेवलीत तशीच छपाईला जाईल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. फक्त त्या पानाची एक प्रत मी जास्तीची काढली, तुमची पट्टी ठेवली आणि माझ्या पुस्तकाच्या नावाखाली पेन्सिलनं रेघ मारली. त्या प्रतीच्याच पाठीवर हे लिहितो आहे. पट्टी असूनही रेघ वाकडी आली.