हळद लागलेला कांद्याचा अहवाल

चिरंजीव बहिरूस नाशिकहून थोरल्या अक्काचे पोटभर आशीर्वाद. इथे सगळे खुशाल आहेत, माझे गुडघे सोडून. ते हल्ली वेगळे राहतात. चांदवडला तुझा खोकला गेला का? (नसेल गेला तर अडुळशाचा काढा घे. गेला असेल तरी घे, तेवढंच तुझ्या बायकोला समाधान.) पत्र नेहमीप्रमाणे आमची सून सिंधू लिहिते आहे. मी सांगते, ती लिहिते. चुका तिच्या, शहाणपण माझं.

तर आमच्या आळीतल्या वाचनालयाची ग्रँट निम्मी झाली. आता काय ठेवायचं आणि काय बंद करायचं, हे ठरवायला बसले कार्यवाह रंगनाथराव. (तेच, जे लग्नात अक्षतासुद्धा मोजून टाकतात.) नोंदवही उंदरांनी खाल्लेली, कारण तिथले खरे वाचक तेच. मग रावांनी युक्ती काढली : ज्याची पानं मळलेली ते लोक वाचतात, ते ठेवायचं, जे कोरं करकरीत ते बंद. इथेच आमचा घात झाला. दर शुक्रवारी दुपारी सिंधू गोष्टींचं मासिक वाचते आणि मी, चिमणाबाई, शेजारची खातूनबी अशा तिघी ऐकतो. अक्षराला पाय लागू द्यायचा नाही ही आपली रीत, म्हणून मासिक पाटावर ठेवायचं, हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. इतकं जपलं, की रावांच्या हिशेबाने ते कुणी उघडलेलंच नव्हतं. आणि गोष्टीतली यमुना तर विहिरीच्या काठावर उभी. आमच्या स्वच्छतेपायी बिचारी तिथेच राहणार.

नेमकी सिंधू माहेरी गेलेली. बायकांच्या वेळेला आम्ही तिघी वाचनालयात शिरलो, पदराच्या गाठीत हळद आणि वाटीत लोणच्याचा खार घेऊन. कपाटात सगळ्यांना एकसारखी लाल बांधणी. चिमणाबाई म्हणाली, "अक्का, हेच ते. जाडी ओळखीची आहे." खातूनबी म्हणाली, "पहले तस्वीर तो देखो." पण तसबीर बघायला चष्मा लागतो आणि चष्मा घरी. आम्ही पानन्‌पान रंगवलं. खातूनबीने कोपरे दुमडून वर थोडं पाणी शिंपडलं, म्हणजे रडत रडत वाचल्यासारखं दिसावं.

मासिक बंद झालं. राहिला तो शेतकी खात्याचा कांद्याच्या रोगांवरचा अहवाल, सबंध वाचनालयात सगळ्यांत जास्त वाचलेला. रंगनाथरावांचे डोळे भरून आले म्हणे. आता रविवारी खास स्त्रियांसाठी कांद्यावर व्याख्यान आहे, आणि नंतर दोन शब्द बोलायला माझं नाव पहिलं. तू जन्मभर कांद्यात लोळलास, तेव्हा कांदा का सडतो ते उलट टपाली कळव. मी पाठ करीन.

यमुनेचं मात्र देवाने पाहिलं. सिंधूने कुठूनसा लाल बांधणीचा पुढचा अंक मिळवला, आणि आमचे शुक्रवार चालू आहेत.

वहिनीला आशीर्वाद, गाईला पेंड.
तुझी अक्का

ता. क. कांद्याचं राहू दे. सडतो तो सडतो, तेवढं मला बोलता येतं. त्याऐवजी कोरे कागद पाठव, चांगले जाड, आणि टाकाची निबं. मला लिहिता येत नाही हे ठाऊक आहे, उगाच हसू नकोस.

ता. क. आणखी एक. मला अक्षर येत नाही, पण माझी हळद मला ओळखता येते. सिंधू वाचते त्या अंकाच्या पानोपानी आमचीच बोटं उमटली आहेत, आणि चित्रात यमुनेच्या जागी किडका कांदा आहे. (लिही गं, थांबू नकोस, शाई वाळते.) छापलेली यमुना नुसती रडायची, ही काठावरून उतरली, गाडी जुंपली आणि हरसूलच्या बाजाराला निघाली. चिमणाबाई आणि खातूनबीला यातलं काही सांगायचं नाही, त्या अंकाला हात जोडतात. पण पोरीला सगळं डोक्यात ठेवावं लागतं. परवा वाण्याच्या पुडीवर लिहीत होती. म्हणून कागद शुक्रवारच्या आत पाठव. यमुना बाजारातून काय घेऊन परतते, ते अजून ठरलेलं दिसत नाही.

(ठरलं आहे, सासूबाई. बैल. — सिंधू)