साडेआठ इंचाची पायरी

४ जुलै, मिरज
स्केटबोर्डच्या गेममध्ये मी बांधलेला सातवा पार्क पुरा झाला. या वेळी विट्याचं, ऋतुजाचं घर. नाव दिलं नाही, नुसतं 'मागचा जिना'. गच्चीवरून परड्यात उतरणारा. लोखंडी कठड्यावरून बोर्ड घासत खाली यायचं, टाकीला टेकवलेल्या रॅम्पवर चढायचं. वीस पायऱ्या, सगळ्या सहा इंची. खालून तिसरी तेवढी साडेआठ. गवंड्यानं चुकवलेली. तशीच ठेवली.

मी डिप्लोमा सोडला तेव्हापासून ती बोलत नाही. चार महिने. शेवटचं म्हणाली, "आधी काहीतरी पुरं कर, मग ये." केलं पुरं. तिचं खातं गेममध्ये अजून आहे. बघेल?

६ जुलै
पार्क सगळ्यांना खुला केला. जो तो तिसऱ्या पायरीवर आपटतोय. आप्पा ड्युटीवर निघताना मागं येऊन थांबले. फौज सुटली, आता हॉस्पिटलच्या गेटवर वॉचमन, पण नजर तीच.
"आख्खी पलटन उताणी पडाय लागलीया की रं. नीट कर ती पायरी."
म्हटलं, खरी तशीच हाय.
"कॉलेज बी खरंच हुतं. ते सोडलंस."
जेवलो नाही.

ऋ. गेममध्ये आली नाही.

९ जुलै
कुणीतरी पार्कखाली लिहिलं, "अंदाजपंचे काम. आधी मोजायला शिक." डोकं सटकलं. लिहिलं, "स्वतः चढून टेपनं मोजलीय. विट्यातलं घर आहे, जाऊन बघ." बरं वाटलं. तासभर.

खरंच मोजली होती. फेब्रुवारीत, तिच्या घरचे सगळे कोइमतूरला गेले होते, तिथं तिच्या वडलांच्या सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानाची पूजा होती. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलची टेप माझ्या बॅगेत. दुसरं टोक तिनं धरलेलं. "साडेआठ! म्हणून आई हितंच ठेचकाळते रोज." किती हसली. एकदाच गेलो होतो. तेवढंच.

११ जुलै
विक्याचा फोन. ऋ.चा चुलतभाऊ, आमच्याच वर्गातला, तोही हा गेम खेळतो. हसतच होता.
"गड्या, आमचा जिना तुझ्या गेममधी कसा रं?"
मग त्याचं हसू थांबलं.
"चढून मोजलीय म्हणं. कवा चढलास?"
फोन कट केला. कट करायला नको होता. गाढव मी.

पार्क काढून टाकला. पण लोकांनी आपापल्याकडं उतरवून घेतलाय, तो कसा काढणार? आणि मी लिहिलेल्याचा फोटो विक्याकडं.

१३ जुलै
तिचा मेसेज. "मी घरी सांगितलंय, मापं मीच वर्गात लिहून दिली. तू कधी आलाच नाहीस. तूही तेच सांग. चढून मोजली ही थाप होती म्हण. विकी परवा येतोय तुझ्याकडं. बाबा निघालेत तिकडून. माझं कॉलेज बंद म्हणतात."
मग खाली, "चिडू नकोस. एवढं एकदा."
चार महिन्यांनी हे. कसा आहेस, नाही. पार्क बघितला, नाही. आणि का विचारावं तिनं? आग मीच लावली.

१४ जुलै
आरशासमोर म्हणून बघतोय. मी तिच्या घरी कधी गेलो नाही. थाप मारली. तिसऱ्यांदा आवाज चढला. आप्पा आतून, "कुनाशी भांडतुयास?"

सर्व्हेच्या सरांनी भर वर्गात म्हटलं होतं, ही रीडिंगं घरी बसून बनवलीत. फील्डबुक टेबलावर आपटून निघालो तो परत गेलोच नाही. रीडिंगं खरी होती. त्यापायी सगळं सोडलं, तिलाही. आणि उद्या आपल्याच तोंडानं म्हणू, मोजलीच नाही?

आणि ती टेप, ते हसणं. ते पण झालंच नाही म्हणायचं.

१५ जुलै
अकरा वाजले. विक्या आलाय. एकटाच. मी आतल्या खोलीत. आप्पांनी त्याला पाणी दिलं, बसवलं. त्यानं त्यांना काय सांगितलं नीट ऐकू आलं नाही, 'जिना' एवढंच. आप्पांचं मात्र शब्द न् शब्द.
"त्यालाच इच्यार की. आमचं पोरगं येडं हाय, तापट हाय, कॉलेज सोडून बसलंय. पर खोटं बोलायचं न्हाई कवा. माझी गॅरंटी."

हाक मारतायत.