पाठीमागे बाबा

हेमी,

आज संध्याकाळी वाचनालयात तुझ्या चित्रांचं आणि कवितांच्या वह्यांचं प्रदर्शन उघडतंय. पहिल्याच काचपेटीत शवपेटीतले बाबा आहेत. मराएवर, आपल्या माओरी कुळाच्या अंगणात, आम्ही त्यांच्याशेजारी रडत बसलो होतो, तेव्हा तू चोरून काढलेले. आईला या चित्राचं काही ठाऊक नाही. ती सकाळपासून टोपी घालून बसलीय. "माझ्या लेकानं काढलेला समुद्र बघायचाय," म्हणते. बाबांना पाहिलं तर तिथेच कोसळेल. शेजारी वाइन आणि चीज मांडलंय. मेलेल्या माणसापुढे कुणी खातं का रे?

ग्रंथपाल बाईंना म्हटलं, ते चित्र तिथून हटवा. त्या म्हणाल्या, "भावाची परवानगी आणा, ताई." तुझा पत्ता मागितला, तर तोही देत नाहीत, म्हणून ही चिठ्ठी त्यांच्याच हाती देतेय.

मी त्या काचेला पाठ लावून उभी राहणार. मी जाडी आहे, तेवढं झाकलं जाईल. पण आई म्हणेल, "हुइया, बाजूला हो."

तुझी बहीण,
हुइया