जीवितहानी नाही

मट्टा, स्वात
२१ ऑक्टोबर

लाला,

थोरल्या भावाला सलाम. अदे बरी आहे. अक्रोड उतरवून झाले. पत्र तिथे तुरुंगात उघडून वाचतील, म्हणून आधी सगळ्यांना ठाऊक असलेलं लिहिते.

१. शुक्रवारी पहाटे सैनिकांनी आपल्या घराला वेढा घातला.
२. तू गोठ्याच्या छपरावरून उडी मारलीस. त्यांनी गुडघ्यावर गोळी झाडली.
३. दाढीला धरून तुला अंगणात ओढलं. बंदुकीच्या दस्त्याने दात पाडले.
४. अधिकाऱ्याने नाव विचारलं. तू रेडिओवरचं टोपणनाव सांगितलंस. अदे म्हणाली, "बख्तमुनीर. मी आई आहे त्याची, नाव मीच ठेवलंय."

अंगण झाडताना तंदूरपाशी दोन दात सापडले. काडेपेटीत ठेवले आहेत.

लहानपणी मशिदीच्या भोंग्यावरून तू हरवलेल्या शेळ्यांची वर्दी द्यायचास. या आवाजाला शेळीसुद्धा परत येईल, असं लोक म्हणायचे. पुढे तोच आवाज संघटनेचा झाला. चौकात मुंडकं टांगलं, की रक्त सुकण्याआधी बातमीदारांना तुझा फोन जायचा. सरकारने सात मेले म्हटलं, की तू सतरा म्हणायचास. ख्वाजाखेलाच्या हॉटेलात गॅसची टाकी फुटली, चार माणसं जळाली, तीही तू आपल्या नावावर घेतलीस. त्यावर अदे म्हणाली होती, "उद्या भूकंप झाला तरी हा म्हणेल, आम्हीच केला."

मग शालपीनचा मोबाइल टॉवर उडाला. पहाऱ्यावर आपला धाकटा समीन होता. दुरुस्तीच्या तुकडीबरोबर मी दुसऱ्या दिवशी वर गेले. जनरेटर जळून वाकला होता. पहारेकऱ्याच्या खोलीतली चटई रक्ताने भिजून जमिनीला चिकटली होती. उंबऱ्यावर त्याची एक चप्पल. तिथून काहीतरी फरफटत नेल्याची खूण देवदारांकडे जात होती. खडक लागल्यावर ती संपली.

संध्याकाळी रेडिओवर तू बोललास. "टॉवर आम्ही उडवला. जबाबदारी स्वीकारतो. जीवितहानी नाही."

इतक्या वर्षांत तू खऱ्यापेक्षा कमी आकडा कधी सांगितला नव्हतास. त्या दिवशी शून्य सांगितलंस. समीनचं काय झालं ते तुला माहीत आहे, हे मला तेव्हाच कळलं.

अदेने मात्र ते ऐकून अल्लाचा शुकराना केला. समीन घाबरून कराचीला पळाला, असं ती धरून चालते. चटईची गोष्ट मी तिला सांगितलेली नाही.

गुरुवारी संध्याकाळी तू आलास. तिने मक्याची भाकरी केली, पाल्याचं साग वाढलं. तुझ्या पाठीवरून हात फिरवत तिने विचारलं, "समीन कुठे भेटला का रे?"

तू म्हणालास, "दही वाढ."

दही आणायला मी आत गेले. मला वेळ का लागला, हे आता तुला कळलं असेल. आपल्याकडे दारी आलेल्या वैऱ्यालाही कोणी धरून देत नाही. मी भावाला दिलं. गावात सगळे अंदाज बांधतात, नाव कोणी घेत नाही. म्हणून मीच लिहिते, जबाबदारी स्वीकारते.

तुझी कारणं नकोत. माफीही नको. नोव्हेंबरच्या मध्याला शालपीनच्या रानात बर्फ पडतं, मग खणता येत नाही. समीनला कुठे पुरलं, तेवढंच लिही. उत्तर १० नोव्हेंबरपर्यंत पाठव.

समीनची बहीण,
ब्रेखना