काचेवरचा डस्टर

६ जानेवारी, सोमवार

स्मार्ट बोर्ड आला! भिंतभर काच. अकरावी कॉमर्सच्या वर्गात बसवला, जुना फळा बाजूला तसाच. संस्थेचे अध्यक्ष सयाजीअण्णा नारळ फोडून म्हणाले, "आता अकाउंट हितंच शिकवायचं, टॅलीवर. अन् जूनपासनं अकाउंटला एकच मास्तर ठेवणार. अठराला दोघांचा तास बघतो."

दोघं म्हणजे मी आणि ज्योतीराम सर. दोघंही तात्पुरते. सर लातूरकडचे, पन्नाशी उलटलेली, अंगाला कायम खडूचा वास. माऊस धरतात तो विंचू धरल्यासारखा! हे माझ्यासमोर उभे राहणार?

घरी मामंजींना सांगितलं. म्हणाले, "पक्की झालीस तर बरंच. न्हाईतर म्हशी हायेत." एम.कॉम., बी.एड. करून शेण काढू? मरेन, पण काढणार नाही.

९ जानेवारी, गुरुवार

व्हिडिओ करायला घेतले. टॅलीची स्क्रीन, माझा आवाज, कोपऱ्यात माझा चेहरा. रोजकीर्द, खतावणी, तेरीज — सगळा अकरावीचा भाग करून टाकणार.

वर्गात मात्र कार्टी ऐकत नाहीत. मी शिकवतेय आणि मागच्या बाकावर वडापाव चाललाय! सरांच्या तासाला चिडीचूप. त्या म्हाताऱ्याला कशाला घाबरतात देव जाणे.

१३ जानेवारी, सोमवार

सर आपल्या पायांनी चालत आले! "मॅडम, जरा दाखवता का? मी लिहून घेतो." पेन्सिलीला टोक करून बसले समोर.

"पैसे दिले की एफ सहा दाबायचं, सर."

एफ सहा म्हणजे पैसे आल्याची नोंद. दिल्याची एफ पाच. मान डोलावत लिहून घेतलं बिचाऱ्यांनी. वर विचारतात, "तुमचे व्हिडिओ कसे लावायचे? पोरांना दाखवावं म्हणायलोय." ते मात्र नीट शिकवलं. फोल्डर उघडायचा, धडा निवडायचा, प्ले. माझी जाहिरात होतेय तर होऊ दे की!

१५ जानेवारी, बुधवार

सरांनी सरावासाठी लॅब मागितली. किल्ली माझ्या पर्समध्ये. म्हटलं, "मशिनं दुरुस्तीला काढलीत हो, सर." आणि हातावर तिळगूळ ठेवला.

१८ जानेवारी, शनिवार

झालं! काय मजा आली म्हणून सांगू!

आधी माझा तास. एक बोट इकडे, एक तिकडे, ताळेबंद तयार. अण्णा मान हलवत होते. मग सर उठले. नोंद साधीच — दुकानाचं भाडं दिलं. दाबलं एफ सहा. भाडं दिलं ते राहिलं बाजूला, भाडं आलंच! सर थबकले. चूक कळली, पण पुसायची कशी ते कळेना. आणि त्यांनी काय केलं? फळ्याजवळचा डस्टर उचलला आणि काचेवर फिरवला! दणादण! काचेला वाटलं बोटंच फिरतायत. कॅल्क्युलेटर उघडला, कॅलेंडर उघडलं, शेवटी कॅमेरा. भिंतभर सरांचं तोंड, मिशीला खडू! पोरं बाकं बडवायला लागली. अण्णांनी पोट धरलं. मी हळूच मोबाइलवर शूटिंग केलं.

सर डस्टर घेऊन तसेच उभे. मग पोरांकडे वळले, नुसतं बघितलं. वर्ग एकदम गप्प. अण्णाही हसायचे थांबले आणि सरांकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर सर मला म्हणतात, "माझ्याच ध्यानात राहिलं नाही, मॅडम." बावळट माणूस! वाईट वाटलं का मला? मुळीच नाही. अख्ख्या स्टाफला आइस्क्रीम खिलवावं इतकी खूश आहे मी आज.

२० जानेवारी, सोमवार

शूटिंग स्टाफच्या ग्रुपवर टाकलं. सगळे खदाखदा. दुपारी सरांनी ग्रुप सोडला. बरं झालं, घाण गेली.

३१ जानेवारी, शुक्रवार

अण्णांनी सगळे व्हिडिओ पेनड्राइव्हवर मागितले. वर्षाचा अख्खा भाग दिला. "लई कष्ट घेतले राव तुमी!" म्हणाले. आता वेगळं काय सांगायचं राहिलं? घरी येऊन मामंजींना ठणकावलं — म्हशींना गडी बघा!

३ फेब्रुवारी, सोमवार

अण्णांनी दोघांना बोलावलं. "मॅडम, व्हिडिओ झकास झाल्यात. एकदा शिकवून ठिवलं, आता परत परत काय शिकवायचं? वर्गात पोरं गप बसवायला माणूस पायजे, त्याला सर हायेत. तुमी जूनपासनं मोकळ्या."

दारात सर थांबले. मला आधी जाऊ दिलं. मग हळूच म्हणाले, "प्लेचं तेवढं खरं शिकवलंत, मॅडम."