टाचेवरची भेग

१२ ऑगस्ट, मोरेमी

आले एकदाची. माउन गावाहून निघताना गाडीच्या टपावर तंबू, मागे खोकी, त्या खोक्यांवर मी. धुळीने पापण्या पांढऱ्या झाल्या आणि तरी मी हसत होते. दहा दिवस, चार अभयारण्यं: मोरेमी, ख्वाई, सावुती, चोबे. फेरी नीट पार पडली तर आमचे मुख्य वाटाडे रा मोदिसे (रा म्हणजे बाबा, मानाने म्हणायचं) माझ्या कागदावर सही करतील आणि मी कंपनीची कायमची मागाडी होईन. माग काढणारी पहिली बाई.

पाहुणे तिघेच. देकर नवरा-बायको आणि त्यांची मुलगी फेमके. म्हातारे देकर प्रत्येक हरणाला टोपी काढून नमस्कार करतात.

माझं काम सोपं आहे. संध्याकाळी सगळे तंबूत गेले की मोपाने झाडाच्या फांदीने तळाभोवतीची वाळू झाडायची. मागे मागे सरकत, आपला ठसा राहू न देता. पहाटे कुणी बाहेर पडायच्या आत ती वाचायची आणि शेकोटीपाशी सगळ्यांना सांगायचं, रात्री कोण आलं, कुठून, कुठे गेलं. याला आम्ही बातम्या म्हणतो. ठशाच्या शेजारून चालायचं, ठशावर पाय द्यायचा नाही. हे आजोबांनी मी पाच वर्षांची असताना शिकवलं.

१३ ऑगस्ट, मोरेमी

पहिल्या बातम्या. दोन तरस, एक साळिंदर, स्वयंपाकाच्या तंबूमागे मध खाणारा बिज्जू. रा मोदिसे माझ्या मागोमाग फिरून सगळं तपासत होते. चूक सापडली नाही. तेव्हा म्हणाले, बाईमाणसाचा डोळा चांगलाच असतो, हरवलेलं कानातलं शोधायला. मी म्हटलं, रा, तुमचं हरवलं असेल तर सांगा, तेही शोधते. स्वयंपाकीणबाई मा दिकेलेदी फस्सकन हसली. रा मोदिसे हसले नाहीत.

ते रोज माझ्या आधी उठून वाळूकडे बघत उभे असतात. पाऊल टाकत नाहीत. नुसते बघतात.

१५ ऑगस्ट, ख्वाई

आज मी एक गोष्ट केली.

पहाटे रा मोदिसेंच्याही आधी जाग आली. वाळूत माणसाचा माग होता. अनवाणी. नदीकडून आलेला, सरळ, न अडखळता, फेमकेच्या तंबूपर्यंत. दारापाशी टाचा खोल रुतल्या होत्या, म्हणजे तो बराच वेळ उभा होता. डाव्या टाचेवर आडवी भेग, बोट जाईल एवढी. एकेचाळीस पावलं आत. बाहेर जाणारं एकही नाही. तंबूत फेमके एकटी घोरत होती.

हे सांगितलं असतं तर फेरी थांबली असती. चोरशिकारी म्हणून वनरक्षकांना बोलावलं असतं, पाहुण्यांना माउनला परत नेलं असतं. सही गेली असती. आणि रा मोदिसे म्हणाले असते, माणूस तंबूपर्यंत येतो आणि ही झोपलेली असते.

मी बूट घातले आणि नदीपासून तंबूपर्यंत त्या मागावरून चालले. एकेका ठशावर पाय देत. एकेचाळीस.

शेकोटीपाशी सांगितलं, एक तरस, एक ससा.

१६ ऑगस्ट, ख्वाई

रा मोदिसेंनी काल माझ्या बुटांच्या ठशांची रांग पाहिली होती. आज सगळ्यांसमोर विचारलं, ससा इतका जड होता का की तुला त्याला नदीपर्यंत पोचवायला जावं लागलं? पाहुणे हसले. त्यांना वाटलं गंमत चालली आहे.

भांडी घासताना मा दिकेलेदीने सांगितलं, मनावर घेऊ नकोस पोरी, ते तुझ्यावर चिडलेले नाहीत, तुझ्या जागेवर चिडलेत. ही जागा त्यांच्या धाकट्या भावाची, थुसोची. गेल्या ऑगस्टमध्ये सावुतीच्या तळावरून तो सकाळी उठून चालत गेला. आठ दिवस शोधलं. काही मिळालं नाही. तेव्हापासून हा माणूस रोज वाळू बघतो. भावाचं पाऊल हजारात ओळखेन म्हणतो. डावी टाच फुटलेली होती, आडवी.

मी पातेलं घासत राहिले. ते स्वच्छ झालं होतं.

१८ ऑगस्ट, सावुती

काल दिवसभर गाडीने इथे आलो. एवढी वाट कुणी रातोरात पायी येणार नाही.

संध्याकाळी वाळू झाडून झाली. मग देकरबाईंनी गरम पाणी मागितलं म्हणून त्यांच्या तंबूपर्यंत गेले आणि आले. झाडलेल्या वाळूवर एवढेच माझे ठसे. पहाटे पाहिलं. बाहेरून काही आलेलं नाही. पण माझ्या प्रत्येक बुटाच्या ठशात एक उघडं पाऊल आहे. बरोबर आत बसवलेलं. भेग आहे.

म्हातारे देकर नाश्त्याला आले नाहीत. बाईंनी सांगितलं, रात्रभर खोकत होते, उशी झटकली तर ओंजळभर वाळू निघाली. त्यांच्या ओठांच्या कडांना वाळू होती. मी पुसली. पुन्हा आली.

१८ ऑगस्ट, दुपार

रा मोदिसेंना सगळं सांगितलं. ख्वाईचंही.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. वाळूत गुडघे टेकले, त्या भेगेवर तळहात ठेवला. मग मला म्हणाले, वर्षभर मी याच्या एका पावलासाठी झुरलो, आणि तू एकेचाळीस तुडवलीस. एका सहीसाठी. त्यांनी खिशातून माझा कागद काढला, माझ्याच पाठीवर टेकवून सही केली आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, घे, झालीस मागाडी.

काल शौचाचा खड्डा खणायला मी झाडांपर्यंत गेले होते. तिथल्या माझ्या बुटांच्या ठशांतही तीच पावलं होती. त्या मागावरून रा मोदिसे निघाले. इथे पायी हिंडायला बंदी आहे. मा दिकेलेदी त्यांच्या बाहीला लोंबकळली, म्हणाली, अहो, सिंह आहेत. ते म्हणाले, चहाच्या आत येतो.

चहा झाला. जेवण झालं.

मी खड्ड्यापर्यंत गेले. त्यांचे बूट तिथे होते, जोडीने, नाड्या सोडून ठेवलेले. पुढे माग नाही. वाळू झाडल्यासारखी सपाट.

हातातल्या वायरलेसवर कळवलं. वनरक्षक पलीकडच्या वणव्यात अडकलेत, उद्या दुपारी येतील. मा दिकेलेदी माझ्याशी बोलत नाही. माझं ताट जमिनीवर ठेवते आणि पायाने पुढे सरकवते.

१९ ऑगस्ट, सकाळ

आता माझ्या प्रत्येक ठशात दोन. एकावर एक. दुसरं रुंद, जड माणसाचं.

काल फेमकेला ताक द्यायला गेले होते. आज ती खोकते आहे. दातांत कचकच वाजते.

जिथे मी गेले नाही तिथे काही नाही. मा दिकेलेदीच्या तंबूकडे मला येऊ दिलं नव्हतं. तिथली वाळू कोरी.

म्हणजे ते माझ्यातूनच येतात. मी तुडवलेल्याच वाटेने. मी पाणी नेलं, ताक नेलं, ओठ पुसले —

१९ ऑगस्ट, नऊ वाजता

मा दिकेलेदीला लांबूनच ओरडून सांगितलं. तिघांना गाडीत घाल, तू चालव, धावपट्टीवर जा, तिथे विमान मिळेल. इथे उतरल्यापासून गाडीपाशी मी एकदाही गेलेले नाही, काल नाही, आज नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती. बोलायला तोंड उघडलं आणि नुसतीच थुंकली.

म्हातारे देकर स्वतः चढू शकले नाहीत. फेमकेने आणि तिने उचललं. मी मदतीला एक पाऊल टाकलं — थांबले.

गाडी सुरू झाल्यावर तिने काच खाली केली. रडत होती. बस ना गं मागे, टपावर बस, म्हणाली. पोरी, बस.

मी पाठ फिरवली आणि चालू लागले. उलट दिशेला. गाडीचा आवाज बराच वेळ येत होता. मग नाही.

दहानंतर

चालते आहे. चालता चालता लिहिते. त्यांनी माझ्यामागे यावं. गाडीमागे नाही.

मागे वळून पाहिलं. माझ्या ठशांत उघडी पावलं. थोरला आणि धाकटा. येत आहेत. बरं झालं.

ऊन. सावली फक्त माझी.

घशात वाळू —

पुन्हा पाहिलं. मागे फक्त माझे बूट आहेत. रिकामे ठसे. कुणी नाही. गाडीकडे गेले? नाही, तिकडे माझी वाट नाही. तिकडे ते जाऊ शकत —

मग समोर पाहिलं.

समोर दोन माग आहेत. ताजे. कडा अजून ढासळताहेत. मी थांबायचं ठरवलं आहे. थांबायचं ठरवलं आहे आणि पाय —

बूट कधी काढले मी

वाळू गार आहे. त्यांच्या पावलात माझं पाऊल बरोबर बस