सत्ताविसाव्या धड्याचं कुलूप

प्रिय सोनिया,

फोनवर बोलले असते तर तू ‘अगं ऐक तरी’ म्हणत मला थांबवलं असतंस, आणि मी थांबले असते. सतरा वर्षं तेच होत आलंय. म्हणून कागद घेतला. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही. उर्दू शाळेतून आलेल्या मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी तुझ्या वह्या देऊन माझं मराठी तूच पक्कं केलंस, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर निम्मा दोष तुझा. बाकीचा दोष कुणाचा किती, ते शेवटपर्यंत वाचून ठरव.

आधी घरचं सांगते. जिब्रानचं होजिअरीचं दुकान चाललंय. औरंगपुऱ्यात गाडी लावायला जागा नाही ही त्याची तक्रारही चालू आहे. युसरा बारा वर्षांची झाली. माझ्या खांद्याला लागते आणि माझ्याहून वेगानं वाचते. परवा तुझे बाबा करमाडहून सीताफळं घेऊन आले होते. मी चहा केला. ते कौतुकानं म्हणाले, “सोनीच्या कंपनीनं तुमचं काम लई मोठं केलं म्हने.” मी व्हय म्हणाले. त्यांच्यापुढं आणखी काय बोलणार? ते गेल्यावर सीताफळांची पिशवी तशीच ओट्यावर राहिली. लई मोठं केलंस खरं. दाराला कुलूप लावण्याइतकं मोठं.

तुला आठवतं का, हे सगळं सुरू कशानं झालं? युसरा दीड वर्षाची असताना स्वयंपाकघरात माझ्या हातून कुकरचं झाकण फरशीवर आपटलं. शेजारच्या घरातलं मूल दचकून रडायला लागलं, आणि माझी पोरगी पाठमोरी बसून चमच्याशी खेळत राहिली. त्यानंतर वर्षभर डॉक्टर, यंत्रं, तपासण्या. सगळे सांगायचे, हातवारे करू देऊ नका, नाहीतर ती बोलायला शिकणार नाही. मी तिचे हात धरून ठेवायचे, सोनिया. माझ्याच लेकराचे हात मी धरून ठेवत होते. तूच एके दिवशी मूकबधिर शाळेतल्या एका निवृत्त बाईंचा पत्ता शोधून आणलास आणि आपण दोघी त्यांच्याकडून खुणांची भाषा शिकलो. युसरानं पहिल्यांदा ‘पाणी’ मागितलं तेव्हा तू माझ्याहून जास्त रडली होतीस. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर आज एवढा राग आला नसता.

मग तू म्हणालीस, गावोगावच्या आयांना कोण शिकवणार? दुकानाच्या माळ्यावर बनियनचे गठ्ठे बाजूला सारून, मागं निळी चादर टांगून आपण ‘हातबोली’ सुरू केली, मोबाइलवर कुणालाही फुकट बघता येतील असे खुणांचे धडे. समोर मी आणि पाच वर्षांची, पुढचा दात पडलेली युसरा. कॅमेऱ्यामागं तू. खालचे हॉर्न येतात म्हणून माझा आवाज नंतर घरी, गोधडी पांघरून रेकॉर्ड करायचीस. साठ धडे झाले. पाणी, भूक, आई, भीती. ज्या दिवशी युसरानं रुपयाचं नाणं गिळलं आणि तू तिला स्कूटरवर मधे बसवून दवाखान्यात नेलंस, त्या दिवसातून सत्ताविसावा धडा निघाला. तोंडात काय घातलंस, गिळलंस का, कुठं अडकलंय, दाखव. नाणं आपसूक पडलं, पण तू म्हणालीस की हा धडा प्रत्येक आईला यायलाच पाहिजे. वाक्य तुझं आहे. मी फक्त ते लक्षात ठेवलंय.

जूनमध्ये तुझ्या कंपनीनं त्याच धड्याला कुलूप लावलं. पहिले दहा मोकळे, पुढचे पन्नास बंद. युसराचा चेहरा दिसतो, ती हात वर उचलते, आणि तेवढ्यात पडदा काळा होऊन अक्षरं येतात, पुढे पाहण्यासाठी सदस्य व्हा, महिना दोनशे नव्व्याण्णव. मी तुला फोन केला तेव्हा तू मीटिंगमध्ये होतीस. संध्याकाळी तुझा फोन आला आणि तू मला समजावलंस, की फुकटच्या गोष्टीची लोकांना किंमत नसते, आणि महिन्याच्या मोबाइल रिचार्जएवढीच तर फी आहे. तू ‘आपले प्रेक्षक’ म्हणत होतीस. आधी तू त्यांना नावानं ओळखायचीस.

एक नाव सांगते. सरूबाई. गंगापूरच्या पुढं वस्तीवर राहतात. मुलगा-सून नाशिकला बांधकामावर, आणि ऐकू न येणारी नात श्रेया आजीजवळ. त्या दर आठवड्याला एक धडा शिकायच्या आणि मला आवाजी निरोप पाठवायच्या. ‘ताई, आज पोरीनं चिमनी म्हनून दाखवलं.’ तूच ते निरोप ऐकून हसायचीस, की ही बाई साठाव्या वर्षी आपल्या वर्गात पहिली येणार. जूनमध्ये त्या एकोणिसाव्या धड्यावर होत्या. एक दिवस निरोप आला, ‘ताई, मोबाइल बिघडला वाटतं. तुमची पोरगी दिसती अन् मग अंधार व्हतो.’ मी समजावलं. त्या पैसे भरायला तयार होत्या, सोनिया. पण पडद्यावर कार्ड मागत होते, आणि ओटीपी जायचा नाशिकला मुलाच्या नंबरवर. तो दिवसभर बांधकामावर. सरूबाई पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहिल्या. मी तुला सांगितलं, एवढ्या एका बाईला उघडून दे. तू म्हणालीस, सिस्टीममध्ये एकट्यासाठी उघडता येत नाही, पण मी विचारते. कुणाला विचारलंस? काय म्हणाले? मला अजून माहीत नाही.

मी काय केलं, तेही लिहिते. सरूबाईंना म्हणाले, थोडं थांबा, सोनिया बघतेय. माझ्या घरात साठही धडे पडलेले होते. कपाटात, तू एका ईदला युसराला दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये. मी ते पाठवू शकले असते. पाठवले नाहीत, कारण तुझ्या नोकरीला धक्का लागेल असं वाटलं. आठ आठवडे मी तुझी भीड धरून बसले.

ऑगस्टमध्ये श्रेयानं जत्रेतल्या चमचमणाऱ्या भिंगरीतला गोल सेल गिळला. पाच वर्षांची पोर. ती गळ्याकडं बोट दाखवत होती आणि आजीला वाटलं, घसा धरला. हळदीचं दूध दिलं, काढा दिला. दोन दिवस. पोर घोट घेईना, लाळ गळायला लागली, तेव्हा शेजाऱ्याच्या जीपमधून शहरात आणली. सेलनं अन्ननलिका आतून भाजली होती. मी दवाखान्यात गेले तेव्हा पोरीच्या नाकात नळी होती, आणि सरूबाई बाहेर फरशीवर बसल्या होत्या. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात धरून विचारलं, “ताई, त्यो गिळल्याचा धडा व्हता म्हनं तुमचा. आमी पैसं भरले नाय म्हनून राहिला का?” 

यावर काय उत्तर द्यायचं ते तुझ्या मीटिंगमध्ये विचार. धडा उघडा असता तर हे टळलंच असतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण आठवड्याला एक या हिशेबानं त्या आठवड्यात सरूबाई सत्ताविसाव्याच धड्यावर असत्या, हे मात्र सांगू शकते. श्रेया वाचली. अजून पातळ पेजेवर आहे, पुढं अन्ननलिका रुंद करायला पुन्हा पुन्हा यावं लागेल. मी तेव्हा लगेच तुला कळवलं होतं. तुझं उत्तर आलं, फार वाईट वाटलं, तिची काळजी घे. तिची काळजी घे. एवढंच.

आता तुझी बाजूही लिहिते, नाहीतर माझ्या रागालाच अर्थ राहणार नाही. सहा वर्षं तू एक पैसा न घेता काम केलंस. लग्नाच्या व्हिडिओंवर घर चालवलंस, आणि उरलेल्या वेळात आपले धडे कापत, जोडत, खाली अक्षरं टाकत बसलीस. एकदा तू म्हणालीस, “कहकशा, माझं कसं भागतं ते कधी विचार की.” मी हसून म्हणाले होते, सवाब मिळेल तुला, पुण्य लागेल. तू म्हणालीस, सवाबानं लाइटबिल भरत नाहीत. तेव्हाही मी हसलेच. माझ्या मागं जिब्रानचं दुकान होतं, तुझ्या मागं कुणी नव्हतं. फुकट वाटण्याचं मोठेपण मी घेतलं आणि त्याची किंमत तू मोजलीस. ही माझी चूक आहे आणि ती मी हिच्या-तिच्यावर ढकलत नाही. तू मला म्हणाली असतीस, आपण देणगी मागू, शहरातल्या ज्यांना परवडतं त्यांच्याकडून फी घेऊ, तर मी दारोदार फिरले असते. पण तू पुण्याला गेलीस, त्या कंपनीत लागलीस, आणि मोबाइलवर एक कागद पाठवून म्हणालीस, सही कर, आता आपण लाखो घरांत पोचू. मी शाळेच्या फाटकात युसराची वाट बघत उभी होते. बोटानं सही केली. धडे कंपनीच्या नावावर होतायत, हे वाचलं नाही. तू पाठवलेला कागद मी कशाला वाचणार होते?

दवाखान्यातून आले त्या संध्याकाळी मी कपाट उघडलं. साठही धडे पुन्हा मोकळे टाकले, आणि आयांच्या प्रत्येक गटात पाठवले. गेल्या सोमवारी तुमच्या कंपनीची नोटीस आली. धडे काढा, पंधरा दिवसांत लेखी माफी द्या, नुकसानभरपाई वेगळी. त्यात युसराचा उल्लेख ‘सदर चित्रफितीतील बालकलाकार’ असा आहे. खाली कंपनीतर्फे सही तुझी. वकिलांनी मला सांगितलंय, तिकडं कुणाला काही लिहू नका. तरी लिहितेय. धडे मी काढणार नाही. माफी सरूबाईंची मागितली आहे, दुसरी कुणाची मागणार नाही. कोर्टात यायचं तर येईन. पण नोटीस टेबलावर होती, आणि युसरानं ती सगळी वाचली. तिनं मला हातांनी एकच विचारलं, सोनियामावशीनं हे वाचून सही केली, की न वाचता? मी म्हणाले, तिलाच विचारते. ती रोज शाळेतून आली की आधी टपालाची पेटी बघते. तेव्हा मला नको, वकिलांमार्फत नको, तिच्या नावानं एका ओळीत कळव.

तुझीच, हा शब्द अजून खोडलेला नाही,
कहकशा